जे जागचं हलत नाही, त्याला वायर द्या

बिनतारी इंटरनेटविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच ओळ : 'ताई, नेट स्लो आहे, काय करू?' एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. राउटर कुठे ठेवला आहे, त्याच्या आजूबाजूला काय आहे, किती उपकरणं जोडली आहेत, अडचण कोणत्या वेळी येते, हे ज्यांनी लिहिलं त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. लोकांच्या माळ्यांवर आणि जिन्यांखाली राउटरची जागा शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे काही बाबतींत मी हट्टी वाटेन, ते चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या घरात फोनवर वायफायची रेंज कायम फुल्ल असते. तरी संध्याकाळी सगळे घरी आले की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. कंपनीच्या माणसानं दुप्पट वेगाचा प्लॅन घ्यायला सांगितलं. टीव्ही, दोन लॅपटॉप, चार फोन, एक जुना टॅबलेट आणि प्रिंटर एवढं जोडलेलं आहे. प्लॅन वाढवू का?

लगेच नको. आधी लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडा, बाकीच्यांना त्यांचं वायफाय बंद करायला सांगा आणि वेग मोजा. मग तोच लॅपटॉप नेहमीच्या जागी नेऊन, वायफायवर, संध्याकाळच्या गर्दीत पुन्हा मोजा. केबलवर प्लॅनएवढा वेग मिळाला आणि वायफायवर त्याच्या पाव मिळाला, तर कंपनीकडून येणारं इंटरनेट ठणठणीत आहे. अडचण राउटर आणि तुमच्या हातातला फोन यांच्या मधल्या काही मीटर हवेत आहे. प्लॅन वाढवलात तर बिल वाढेल, हवा तीच राहील.

फुल्ल रेंजचा अर्थ एवढाच, की फोनला राउटरचा सिग्नल जोरात मिळतो आहे. त्या क्षणी हवा मोकळी आहे का, हे त्यावरून कळत नाही. राउटरच्या पलीकडे इंटरनेट चालू आहे का, हे तर मुळीच नाही.

वायफायचा मूळ नियम असा, की एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या पट्ट्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं. प्रत्येक उपकरण आधी ऐकतं. कुणी बोलत असेल तर गप्प राहतं. शांतता झाली की आणखी थोडं थांबतं आणि मग बोलतं. हे थांबणं मुद्दाम कमी-जास्त ठेवलेलं असतं, नाहीतर सगळे एकदमच सुरू होतील. ही युक्ती वायफायपेक्षा जुनी आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओनं एका संगणकाशी जोडली. त्या अलोहानेटमध्ये तर आधी ऐकायचीही पद्धत नव्हती. ज्याला पाठवायचं तो पाठवून मोकळा व्हायचा. दोन संदेश एकमेकांवर आदळले की पोच यायची नाही, मग दोघांनी कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. असं केलं की चॅनलच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के कामी येते. वायफायनं त्यात आधी ऐकण्याची शिस्त घातली म्हणून ते बरंच पुढे गेलं, पण पाळी चुकली नाही. शेजाऱ्यांचा राउटर तुमच्याच चॅनलवर असेल, तर त्यांच्या सिनेमासाठीही तुमचा फोन थांबतो.

आता त्या जुन्या टॅबलेटकडे या. तो राउटरपासून दोन भिंती पलीकडे असेल, तर कदाचित सेकंदाला ६ मेगाबिट एवढ्याच वेगानं बोलत असेल. एक मेगाबाइटचा फोटो म्हणजे ८ मेगाबिट. तो पाठवायला त्याला सव्वा सेकंदाहून जास्त हवा लागते. ३०० मेगाबिटवर बोलणारा लॅपटॉप तोच फोटो २७ मिलिसेकंदांत उरकतो. टॅबलेट तुकड्या-तुकड्यांनी बोलतो हे खरं, पण एकूण हिशेबात तेवढा वेळ हवा त्यानं अडवलेली असते आणि बाकीचे ताटकळतात. घरातलं सगळ्यात संथ उपकरण सगळ्यांचा वेळ खातं, हे लोकांना पटत नाही. तो टॅबलेट तासभर बंद ठेवून पाहा.

मग टीव्हीला केबल जोडा. तासन् तास सिनेमे ओढणारा तोच, आणि तो एका जागी भिंतीला खिळलेला. टेबलावरचा लॅपटॉप आणि प्रिंटर यांनाही जमलं तर जोडा. जे जागचं हलत नाही, त्याला वायर द्यावी आणि हवा हलणाऱ्यांसाठी सोडावी, हा माझा नियम आहे. बिनतारी विषयावर लिहिणारी बाई वायरीची शिफारस करते म्हणून लोक हसतात. हसू देत. एक केबल ओढल्यावर चार फोनांची तक्रार बंद झालेली मी पुष्कळ पाहिली आहे.

जाता जाता : प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना दिसणारा बहुधा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसले तर कुणी तुम्हाला फसवलेलं नाही.

प्रश्न : आमचा राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये आहे. शेजारी माशांची मोठी टाकी आहे. राउटरलाच एक हार्ड डिस्क लावून ठेवली आहे. माझी खोली पलीकडे असल्यामुळे तिन्ही अँटेना मी माझ्या खोलीकडे रोखून ठेवल्या आहेत, तरी रेंज रडते.

अँटेना बंदुकीसारख्या रोखायच्या नसतात. राउटरच्या साध्या दांडीतून सिग्नल टोकातून बाहेर पडत नाही, दांडीच्या अंगातून चहूबाजूंना जातो. दांडीला चाकाचा आस समजा. सिग्नल आऱ्यांच्या दिशेनं पसरतो आणि आसाच्या रेषेत जवळजवळ काहीच जात नाही. टोक तुमच्या खोलीकडे करून तुम्ही नेमकी तीच उपाशी दिशा स्वतःकडे घेतली आहे. एका मजल्याचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एखादी आडवी करा.

माशांची टाकी हे निदान मात्र तुम्ही स्वतःच लिहून पाठवलं आहे. पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. टाकी राउटर आणि तुमची खोली यांच्यामध्ये येत असेल, तर ती विटांच्या भिंतीपेक्षा जास्त नडते. टीव्हीच्या मागचा धातूचा पत्रा, शोकेसचा आरसा हे आणखी वेगळे शत्रू. आरशामागे धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नल परतवून लावतो. लोखंडी कपाट, सळयांचं काँक्रीट यांचंही तेच. लाकूड, पुठ्ठा, प्लास्टिक यांचं फारसं काही नाही.

आणि ती हार्ड डिस्क. ती यूएसबी ३.० ची असेल, तर तिच्या केबलीतून आणि जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर बोलतं त्यांतच, रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. राउटरच्या कानाशीच बसून कुणी गोंगाट करत असेल, तर लांबून येणारा तुमच्या फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू येणार नाही. डिस्क काढा, किंवा चांगल्या, जाड आवरणाच्या केबलनं लांब ठेवा.

राउटर शोकेसमधून बाहेर, डोक्याएवढ्या उंचीवर, घराच्या मध्याजवळ आणा. दिसायला बरं दिसत नाही, मान्य.

प्रश्न : नवा वायफायचा दिवा आणला. फोन इंटरनेटला जोडलेला आहे, पण दिवा काही केल्या जोडणी घेत नाही. दुकानदार म्हणतो, दिवा चांगला आहे.

दुकानदार बरोबर असावा. असे दिवे, प्लग, दारावरच्या घंटा बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तुमचा फोन त्या वेळी वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर असणार. त्यामुळे काही ॲप गोंधळतात आणि दिव्याला शोधत बसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, दिवा जोडून घ्या, मग पुन्हा चालू करा. एकदा ओळख झाली की दिवा आपला २.४ वर राहतो आणि फोन कुठेही असला तरी चालतं.

दिवे बनवणारे कंजूस म्हणून असं करतात, हे अर्धंच खरं. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून जास्त शाबूत बाहेर पडते. दिव्याला 'पेट' आणि 'वीझ' एवढंच ऐकायचं असतं, त्याला वेगाची काय गरज? त्याला लांबून ऐकू यावं, हे महत्त्वाचं.

प्रश्न : एका ॲपवर पाहिलं तर आमच्या इमारतीत सगळे १, ६ आणि ११ या चॅनलवर गर्दी करून बसलेत. मी हुशारी करून राउटर ३ वर नेला, तर आणखी बिघडलं. असं का?

कारण २.४ गिगाहर्ट्झमधल्या चॅनलांचे नंबर ५ मेगाहर्ट्झच्या अंतरानं दिलेले आहेत आणि एका बोलणाऱ्याला जागा लागते २० मेगाहर्ट्झ. तुमचं ३ हे १ वरही सांडतं आणि ६ वरही. १ वर असतात तर शेजाऱ्याचं बोलणं तुमच्या राउटरला समजलं असतं आणि दोघांनी पाळी लावली असती. ३ वरून मात्र त्याचं बोलणं बहुतेक वेळा नुसता गोंगाट म्हणून येतं. पाळी लागत नाही, आदळआपट होते. गर्दीतल्या चॅनलवर सभ्यपणे पाळी धरणं हे दोन चॅनलांच्या सांध्यावर बसण्यापेक्षा बरं. १, ६, ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांचा सिग्नल सर्वांत क्षीण आहे ते घ्या, आणि सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० वर आणा. ती तुम्हालाही सोयीची आणि इमारतीलाही.

प्रश्न : आमचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मधूनच नाहीसं होतं. मिनिटाभरात पुन्हा येतं, कधी त्याहून उशिरा. भाऊ म्हणतो, कुणीतरी हॅक करतंय.

भावाला सांगा, बहुधा हवामान खातं आहे. थट्टा नाही. ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनल हवामानाच्या आणि इतर रडारांचे आहेत. वायफायला तिथे पाहुणा म्हणून बसू दिलं आहे, आणि पाहुण्यानं रडारची चाहूल लागताच उठायचं, अशी अट आहे. राउटरला रडारसारखी स्पंदनं ऐकू आली की त्याला काही सेकंदांत तो चॅनल सोडावा लागतो आणि पुढचा अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. नव्या चॅनलवरही रडारची शक्यता असेल, तर आधी ६० सेकंद गप्प बसून कानोसा घ्यायचा. तुमचं ते मिनिट बहुधा हेच. कधी कधी राउटर भलत्याच गोंगाटाला रडार समजून उठतो.

चॅनल आपोआप निवडू न देता ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एक पक्का करा. तिथे रडारचा प्रश्न नाही. अर्थात हे ज्याला माहीत असतं तो तिथेच जातो, त्यामुळे गर्दी थोडी जास्त.

प्रश्न : मावशी, मी विद्यार्थी आहे. खोलीवर वायफाय नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो आणि फोन तव्यासारखा तापतो. दुसरं म्हणजे, मोबाइलचं नेट आणि वायफाय यात नेमका फरक काय?

बाळा, डेटा तुझ्या अभ्यासानं संपत नाही. लॅपटॉपला वाटतं आपण वायफायवर आहोत, म्हणजे फुकट आहे, म्हणून तो मागच्या मागे अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीवर 'मीटर्ड', म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो, अशी खूण करता येते, ती आधी कर. फोन तापतो कारण तो एकाच वेळी दोन रेडिओ चालवतोय, एक टॉवरशी बोलणारा आणि दुसरा लॅपटॉपशी. फोन चार्जिंगच्या यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोड आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. एक रेडिओ बंद, चार्जिंगही होतं. (वर म्हटलंच आहे, वायर.) फोन खिडकीजवळ ठेव. टॉवर नीट ऐकू येत नसेल तर फोन जास्त जोर लावून बोलतो, आणि तो जोर बॅटरीतूनच येतो.

फरकाचं म्हणशील तर तो पाळीचा आहे. वायफायच्या लहरी कुणाच्या मालकीच्या नाहीत. ठरलेल्या शक्तीच्या आत राहून कुणीही वापरावं, म्हणून तिथे ज्यानं त्यानं ऐकून पाळी धरायची. मोबाइलच्या लहरींचा परवाना कंपनीनं घेतलेला असतो, त्यामुळे तिथे टॉवरच सगळ्यांना पाळी वाटतो. फोरजीत दर मिलिसेकंदाला टॉवर ठरवतो, की कोणत्या फोननं कोणत्या तुकड्यावर बोलायचं. आदळआपट जवळजवळ होतच नाही. फोरजी ग्राहकांसाठी पहिल्यांदा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो इथे सुरू झालं. पण टॉवरकडे वाटायला जागा मर्यादितच असते. मोठ्या सभेत किंवा सामन्याच्या वेळी रेंज पूर्ण दिसते आणि साधा संदेश जात नाही, कारण हजारो फोन रांगेत असतात. फाइव्हजीनं जागा वाढवली आहे. त्यातल्या २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या मिलिमीटर लहरींवर तर ती प्रचंड आहे, पण त्या लहरी इतक्या नाजूक की फोनवर आडवा आलेला हातसुद्धा त्यांना अडवतो.

प्रश्न : वरच्या मजल्यासाठी रिपीटर आणला. रेंज आली, वेग निम्म्याहून कमी झाला.

स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक शब्द हवेत दोनदा, म्हणून वेग निम्मा. त्यातही लोक तो रेंज संपते तिथे लावतात. ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर, जिन्याजवळ लावा. जमलं तर खालून वर एक केबल न्या आणि वरच्या डबीला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे ती केबलवरून घेऊन हवेत फक्त एकदाच बोलेल. मेश म्हणून मिळतात त्या, एकमेकींशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांनाही आपसांत केबल दिली की त्यांचं खरं रूप दिसतं. केबल शक्य नसेल तर निदान तीन रेडिओंची मेश घ्या, म्हणजे एक रेडिओ डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव राहतो. एवढं करूनही वर गेल्यावर फोन खालच्याच राउटरला चिकटून राहिला तर राउटरला शिव्या देऊ नका. कुणाला सोडायचं आणि कुणाला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो.

प्रश्न : आमच्या घरापासून आमचं गोदाम बरोबर एक किलोमीटरवर आहे. दोन्हीकडे छतावर छोट्या तबकड्या बसवून घरचं इंटरनेट तिकडे नेलं आहे, ५.८ गिगाहर्ट्झवर. झाडांची पानं गळतात त्या दिवसांत सुरेख चालतं. पालवी फुटली की मरतं. झाड सरळ रेषेच्या खाली आहे, मध्ये येत नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर पलीकडची तबकडी स्वच्छ दिसते.

या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र. काका, तुम्ही पानांचं लक्षात ठेवलंत म्हणून उत्तर सोपं झालं.

डोळ्याला दिसायला एक रेघ पुरते, रेडिओला नाही. दोन तबकड्यांच्या मध्ये लहर एका लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्यभागी फुगलेल्या जागेतून जाते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. हा फुगवटा किती, ते मोजता येतं. ५.८ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ५.२ सेंटिमीटरची. एक किलोमीटर अंतराच्या बरोबर मध्यावर सरळ रेषेपासून चारही बाजूंना जवळजवळ ३.६ मीटर जागा या झोनची. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे रेषेच्या खाली सव्वादोन मीटरच्या आसपास, मोकळी हवी. तुमचं झाड रेषेच्या खाली आहे खरं, पण या फुगवट्यात डोकावत असणार. पानं नसताना त्यातून बराच सिग्नल सुटतो. पानं आली की त्यांतलं पाणी तो शोषतं. पाऊस पडून पानं ओली असतील त्या दिवशी आणखी वाईट होत असेल, बघा बरं.

झाड तोडू नका. दोन्हीकडचे खांब तीनेक मीटर उंच करा. झाड अगदी मध्यावर असेल आणि एकच खांब उंच करता येत असेल, तर लक्षात ठेवा, एका टोकाला वाढवलेल्या उंचीचा मध्यावर निम्माच फायदा मिळतो. झाड ज्या टोकाच्या जवळ आहे तो खांब वाढवला तर फायदा जास्त. खांब उंच केलात की वारा आहेच. त्याला ताणाच्या तारा लावा, नाहीतर पानांऐवजी वादळाचं पत्र पाठवाल. वीज पडण्यापासूनचा बंदोबस्त आणि अर्थिंग माहीतगार माणसाकडून करून घ्या. यात हात घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे ना केबल, ना टॉवर. जुनं उपग्रहाचं इंटरनेट आहे. सिनेमा उतरतो, पण बोलताना मुलगी आणि मी कायम एकदमच बोलायला लागतो. नवे उपग्रह वेगळे असतात म्हणे?

तुमचा जुना उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथे असला की तो पृथ्वीबरोबरच फिरतो, आकाशात एका जागी दिसतो आणि तबकडी एकदा लावली की लावली. पण तुमचा शब्द वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७१ हजार किलोमीटरहून जास्त वाट. प्रकाशाच्या वेगानंही त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. मुलीचं उत्तर यायला आणखी पाव. तुम्ही वाट पाहता, काही ऐकू येत नाही, पुन्हा बोलायला सुरुवात करता आणि तेवढ्यात तिचं पहिलं उत्तर येऊन थडकतं. यात राउटरचा दोष नाही आणि मोठ्या प्लॅननंही हे जाणार नाही.

स्टारलिंकसारख्या नव्या यंत्रणांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात. जाऊन यायची वाट हजार-बाराशे किलोमीटर, म्हणजे चार मिलिसेकंद. जमिनीवरचा प्रवास धरूनही बोलणं साध्या फोनसारखं होतं. किंमत अशी, की खालचा उपग्रह भराभर डोक्यावरून निघून जातो. त्यामुळे हजारो उपग्रह लागतात आणि तबकडीला सतत एकाला सोडून दुसऱ्याला धरावं लागतं. म्हणून तिला मोकळं आकाश हवं. जुन्या तबकडीला एका दिशेची फट पुरायची, हिला तेवढी पुरत नाही.

प्रश्न : नातवाच्या पाळण्यापासून दोन मीटरवर राउटर आहे. सून म्हणते काही होत नाही. मला रात्री झोप लागत नाही.

आजी, सुनेची बाजू घेते म्हणून रागावू नका. क्ष-किरण शरीराला इजा करतात कारण त्यांचा एकेक कण अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतका ताकदीचा असतो. त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात ०.००००१ असतात, म्हणजे दहा लाख पटींनी कमी. या लहरींनी होते ती फक्त ऊब, आणि तीही राउटरच्या शक्तीत जाणवण्याइतकी नाही. शिवाय अंतर दुप्पट केलं की ताकद चौथाई होते.

तुमच्या वाचनात हेही आलं असेल, की २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २बी गटात टाकलं. ते खरं आहे. तो गट मर्यादित पुराव्याचा आहे, आणि तेव्हा चर्चा होती ती मुख्यतः कानाला लावलेल्या फोनची. कानाला लागून बोलणारा फोन आणि दोन मीटरवरचा राउटर यांत फोनच कितीतरी पटींनी जवळचा. मनाला बरं वाटत असेल तर राउटर पलीकडच्या भिंतीला हलवा, त्यात काही बिघडत नाही. पाळण्याजवळची लोंबती वायर मात्र आजच उचला. ती खरोखरच धोक्याची आहे.

प्रश्न : घरच्या वायफायचं नाव लपवून ठेवलं आहे, म्हणजे सुरक्षित ना? आणि बाहेरच्या फुकट वायफायवर बँकेचं काम करावं का?

नाव लपवून काही लपत नाही. उलट तुमचा फोन जाईल तिथे 'अमुक आहे का, अमुक आहे का' असं त्या नावानं हाका मारत फिरतो. नाव उघड ठेवा आणि पासवर्ड लांब ठेवा. वायफायच्या कुलपांपैकी जुनं डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलं. डब्ल्यूपीए २ किंवा ३ असू द्या. राउटरवरचा डब्ल्यूपीएस पिन, म्हणजे पासवर्डाऐवजी आकडे टाकून उपकरण जोडायची सोय, बंद करा. तो पिन आठ आकडी दिसतो, पण दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, म्हणून फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडतो. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा.

बाहेरच्या वायफायवर बँकेचं ॲप स्वतःचं कुलूप लावूनच बोलतं, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. अडचण वेगळी आहे. वायफायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. 'एअरपोर्ट फ्री' हे नाव पलीकडच्या बाकावरच्या माणसाचंही असू शकतं. ते जोडल्यावर पासवर्ड, जन्मतारीख, ओटीपी मागणारं पान उघडलं किंवा साइटच्या ओळखीचं प्रमाणपत्र बरोबर नाही अशी सूचना आली, तर उठा आणि मोबाइल डेटावर जा. पैशाचं काम असेल तर मी मुळात तिथेच जाते.

प्रश्न : वायफाय ७ चा राउटर घेऊ का? खोक्यावर ९३०० लिहिलंय.

तो आकडा सगळ्या बँडांच्या, म्हणजे २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांच्या, कागदी वेगांची बेरीज असते. एकटा फोन तिथवर कधीच पोहोचत नाही, कारण फोनमध्ये सहसा दोनच अँटेना असतात. १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता, १९९९ मध्ये ११ झाला, आणि तेव्हाही खोक्यावरचा आकडा कुणाच्या घरात दिसत नव्हता. वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्यातली दोन बँड एकत्र वापरायची सोय चांगली आहे, पण ती फोनलाही यावी लागते. ६ गिगाहर्ट्झचा जो मोकळा पट्टा, त्याचीही परवानगी देशोदेशी वेगवेगळी आहे. तुमच्या घरात ६ गिगाहर्ट्झ समजणारं एकही उपकरण नसेल, तर त्या पैशांत भिंतीतून केबल ओढणारा माणूस बोलवा. नवा फोन घ्याल तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात वायफायची ओळ वाचा आणि मग राउटरचं बघा.